पडद्यावरच्या लेखकाचं बोट शाईनं माखू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत चरित्रपटांवर जो लेख आला, तो मी दोनदा वाचला. खऱ्या साहित्यिकांची छायाचित्रं डावीकडे आणि त्यांच्या भूमिका केलेल्या नटांची उजवीकडे, अशा जोड्या लावून छापल्या होत्या. कपाळ जुळतं का, चष्म्याची काडी जुळते का, मिशी जुळते का, यावर लेखकानं बारकाईनं लिहिलं आहे. रंगभूषाकारांना त्यात श्रेय दिलं, ते तर फारच बरं केलं. पण एक प्रश्न संबंध लेखात कुठेच आला नाही. पडद्यावरचा हा माणूस लिहितो का? त्याच्या हाताकडे पाहून, यानं कधी चार ओळी खोडून पाचवी लिहिली असेल, असं वाटतं का? साहित्यिकाची भूमिका पाहताना माझी नजर पहिल्यांदा तिथेच जाते. असं का, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी १९७३ ते २००९ अशी ३६ वर्षं पुण्यात मुद्रितशोधनाचं, म्हणजे छपाईतल्या चुका शोधून दुरुस्त करण्याचं काम केलं. सुरुवातीला शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात, नंतर सदाशिव पेठेत एका प्रकाशकांकडे. खिळे जुळवण्याच्या काळात गॅलीचं प्रूफ, म्हणजे पानं पाडण्याआधीचा तपासायचा कच्चा छाप, ओलसर असतानाच टेबलावर यायचं. आम्ही दोघीजणी समोरासमोर बसायचो. एकीनं लेखकाची मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा उच्चारून. दुसरीनं प्रुफावर बोट ठेवून पुढे सरकायचं. संध्याकाळी घसा बसलेला असायचा. या कामामुळे मला लेखक भेटले ते त्यांच्या हस्ताक्षरातून. समोर येऊन उभे राहिले तर कित्येकांना मी ओळखलं नसतं, पण ‘ख’ कसा काढतात हे पाहून प्रत कुणाची आहे ते सांगू शकले असते.

एका नामवंत कादंबरीकारांची मुद्रणप्रत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. नाव सांगत नाही, त्यांना आवडलं नसतं. ४००हून अधिक पाठकोरी पानं, प्रत्येक पानाला डावीकडे चार बोटं समास सोडलेला, आणि तो समास नंतर घातलेल्या मजकुरानं पार भरून गेलेला. काकपदाच्या, म्हणजे राहिलेला शब्द मध्ये घालायच्या खुणा एकीवर एक. काही पानांना खाली खळीनं कागदाच्या पट्ट्या जोडलेल्या, त्या उलगडून वाचाव्या लागायच्या. सदतिसाव्या पानावर एकच वाक्य सात वेळा लिहून सहा वेळा खोडलं होतं. नायक रोज नदीवर जायचा, एवढंच ते वाक्य. पहिल्यात आणि सातव्यात फरक इतकाच की ‘जात होता’च्या जागी ‘जात असे’ आलं होतं. गॅली प्रुफावर त्यांनी पुन्हा ‘जात होता’ केलं. पान लागलं तेव्हा परत ‘जात असे’. कंपोझिटर चिडला, त्याचं खरंच होतं, तेवढ्या एका शब्दासाठी पूर्ण ओळ सोडवावी लागायची. पण त्या दिवशी मला उमगलं की हा माणूस तीन महिने त्या नदीच्या वाटेवर उभा आहे, आणि तो नायक एकदाच गेला की रोज जातो, हे त्याला अजून ठरवता येत नाहीये. लेखकाचं काम म्हणजे हे. नटाच्या हातून मला ते पाहायचं असतं.

आणि त्याची खूण शरीरावर असते. जन्मभर लिहिलेल्या माणसाच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, पहिल्या पेराच्या बाजूला, घट्टा असतो. पेन तिथे टेकतं. प्रुफं घेऊन लेखकांच्या घरी जायचे तेव्हा चहाची कपबशी पुढे करणाऱ्या हाताला तो घट्टा दिसला की मला फार बरं वाटायचं.

आता पु.लं.विषयी. आपल्या लेखात महेश मांजरेकर यांच्या ‘भाई – व्यक्ती की वल्ली’ला सर्वांत जास्त जागा दिली आहे, ते साहजिकच आहे. २०१९ साली, पु.लं.च्या जन्मशताब्दीच्या वर्षात, जानेवारी आणि फेब्रुवारीत त्याचे दोन भाग आले. सागर देशमुख यांनी स्वीकारलेलं काम किती अवघड होतं, याची मला पूर्ण जाणीव आहे. पु.लं.चा आवाज आपल्या घरांत कॅसेटच्या रूपानं वर्षानुवर्षं राहिला आहे. अंतू बर्वा कुठे थांबतो, हरितात्या कुठे आवाज चढवतात, कुठल्या वाक्यानंतर श्रोते हसतात आणि ते हसणं ओसरायला पु.ल. किती वेळ देतात, हे लोकांना पाठ आहे. त्यात पु.ल. स्वतःच नट होते. १९५३च्या ‘गुळाचा गणपती’त ते पडद्यावर आहेत, ‘बटाट्याची चाळ’ त्यांनी एकट्यानं रंगमंचावर उभी केली. जो माणूस स्वतःची भूमिका आपल्या हयातीत स्वतःच करून गेला, त्याची भूमिका दुसऱ्यानं करायची! देशमुखांनी नकलेच्या वाटेला न जाता त्यांचं हसू, मान किंचित पुढे काढून माणसांत रमणं आणि ऐकणं पकडलं. मैफलीच्या प्रसंगात ‘कानडा राजा पंढरीचा’ रंगतं तिथे त्यांचं ऐकणं मला अस्सल वाटलं. गाण्यावर असा जीव टाकणारा माणूस मी पाहिलेला आहे.

चित्रपट आला तेव्हा त्यातल्या सिगारेटी आणि मद्य यांवर बरंच बोललं गेलं. माझी हळहळ वेगळीच होती. थिएटरमधून बाहेर पडल्यावर मी आठवू लागले की पु.ल. लिहितायत असं कुठे पाहिलं, आणि मनात राहिलेला एकही प्रसंग मला सापडला नाही. मैफली आठवल्या, मित्र आठवले, विनोद आठवले. पण ‘व्यक्ती आणि वल्ली’तली माणसं कागदावर उतरली ती काही गप्पा मारता मारता उतरली नाहीत. गप्पांत सांगितलेला रावसाहेब आणि छापलेला रावसाहेब यांच्यामध्ये एक माणूस एकटा टेबलापाशी बसलेला असतो. लोकांना हसवणाऱ्या लेखकाचा चेहरा त्या वेळी बहुधा अतिशय गंभीर असतो. विनोदी लेखकांच्या प्रती मी वाचल्या आहेत, सर्वांत जास्त खाडाखोड त्यांत असते. एक शब्द इकडचा तिकडे झाला की हशा गेला. देशमुखांसारख्या नटाला तो गंभीर चेहरा करायला मिळाला असता तर त्यांनी त्याचं सोनं केलं असतं. त्याच वर्षी त्यांनी मालिकेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका सुरू केली. म्हणजे एका वर्षात दोन अफाट लिहिणारी माणसं त्यांच्या वाट्याला आली.

त्यानंतर तीन वर्षांनी ‘मी वसंतराव’ आला, निपुण धर्माधिकारींचा. त्यात पुष्कराज चिरपुटकर पु.ल. झाले आहेत. जोड्या लावण्याच्या खेळात ते कदाचित मागे पडतील. पण तिथे पु.ल. मुख्य पात्र नाहीत, एका गवयाचे मित्र आहेत, आणि त्यामुळे चिरपुटकरांवर ‘सबंध पु.ल.’ दाखवण्याचं ओझं नाही. लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करत बसलेल्या मित्राकडे, याच्या गळ्यात काय आहे ते मला ठाऊक आहे, अशा नजरेनं ते पाहतात. दुसऱ्याचा गुण आधी ओळखणं हा पु.लं.च्या लेखणीचा प्राण होता. व्यक्तिचित्रं लिहिणाऱ्याचा डोळा मला तिथे दिसला, चष्म्यामागचा.

आणि ‘भाई’तल्या सुनीताबाई. आपल्या लेखात इरावती हर्षे यांच्याबद्दल ‘समर्थ साथ’ एवढे दोनच शब्द आहेत, ते वाचून मला वाईट वाटलं. सुनीताबाई लेखिका होत्या. ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत त्यावर वाद झडले. आमच्या कचेरीत दुपारच्या डब्याच्या वेळी आठवडाभर दुसरा विषय नव्हता. चित्रपटातल्या सुनीताबाई बराच काळ लिहीत नाहीत, घर चालवतात, भाईंना सांभाळतात, हिशेब ठेवतात. पण हर्षे यांनी डोळ्यांत एक नोंद ठेवणारी बाई ठेवली आहे. भाई चारचौघांत रमलेले असताना ती दाराशी उभी राहून पाहते तेव्हा मला वाटलं, हिच्या मनात वाक्यं जुळतायत, ही एक दिवस लिहिणार. न लिहिता लेखिका दाखवणं फार कठीण. त्या चित्रपटात लेखकाची भूमिका कुणी केली असं मला विचाराल, तर मी हर्षे यांचं नाव घेईन.

माझ्या ओळखीचे एक चित्रपट-संकलक म्हणतात, “आजी, लिहिणं पडद्यावर दिसतच नाही. माणूस बसलाय, कागद आहे, पेन चाललंय. प्रेक्षक उठून जाईल.” मला हे मान्य नाही, कारण मी दिसलेलं पाहिलं आहे.

पहिलं म्हणजे प्रभातचा ‘संत तुकाराम’. दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली पुण्यात केला, दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. नाटकांत स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस त्यात तुकोबा झाले. तुकोबा दिसायला कसे होते हे कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे छायाचित्र शेजारी ठेवून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. पागनिसांपाशी उरलं फक्त शब्दाचं येणं. ते शेतात राखणीला बसलेले असोत की रस्त्यानं चाललेले, ओळ त्यांच्या ओठांवर येते तेव्हा ती पाठ केलेली वाटत नाही. आधी डोळे थांबतात, मग ओठ हलतात, मग सूर येतो, आणि ओळ पुरी झाल्यावर चेहऱ्यावर जरासं आश्चर्य असतं, हे माझ्या तोंडून आलं का, असं. त्यातलं ‘आधी बीज एकले’ हे गीत शांताराम आठवले यांनी लिहिलेलं आहे, पण कित्येकांना ते तुकोबांचाच अभंग वाटला, अजूनही वाटतो. शब्द आठवल्यांचे, ते खरं. पण पागनिसांच्या मुखातून ते ज्या रीतीनं उगवतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

त्याच चित्रपटात सालोमालो आहे. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा. दिग्दर्शकांनी किती बारीक विचार केला होता पाहा, लेखक कोण आणि लेखक असल्याचं सोंग घेणारा कोण, हे शेजारी शेजारी ठेवलं. सालोमालोचा थाट मोठा आहे, आव मोठा आहे, ऐकणारे भोवती आहेत. तुकोबांकडे काहीच नाही. ‘आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें’ म्हणणाऱ्या माणसाचा तोच तर थाट. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागतात तिथे पागनीस ओरडत नाहीत, रडून कोसळत नाहीत. ज्याचं लिहिलेलं पाण्यात गेलं तो माणूस कसा बसेल, तसे बसतात. छापखान्यात एकदा पावसाळ्यात गटार तुंबून एका कवीची एकमेव प्रत भिजली होती. ते गृहस्थ आले आणि असेच बसले होते. कुणाला काही बोलले नाहीत. आम्ही पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली, तेव्हा ते उठून हळूच एकेक वाचू लागले.

दुसरं उदाहरण दूरदर्शनवरच्या ‘मिर्झा गालिब’ मालिकेचं. १९८८ साल, गुलज़ार यांचं दिग्दर्शन, नसीरुद्दीन शाह गालिब. गालिब यांच्याबद्दल सांगतात की रात्री शेर सुचला की ते कापडाला एक गाठ मारत, दुसरा सुचला की दुसरी, आणि सकाळी एकेक गाठ सोडत ते शेर लिहून काढत. नसीर त्या गाठी मारतात तेव्हा बोटांकडे पाहतसुद्धा नाहीत. नजर दूर कुठे तरी लागलेली, ओठांत मात्रा मोजणं चाललेलं, आणि बोटं मात्र आपलं काम सवयीनं करतायत. दिवा नाही, कागद नाही, दौत नाही, आणि तरी समोर लिहिणं चाललेलं आहे. आमच्या चाळीत तेव्हा तीन घरांत टीव्ही होता. शेजारच्या आजींना उर्दूचा एक शब्द कळत नव्हता, पण त्या म्हणाल्या, “गाठ मारली, म्हणजे सुचलं बघ याला.” संकलक महाशयांना मी हेच सांगितलं. प्रेक्षक उठून जात नाही.

परदेशातलं एकच सांगते. भाचीनं मला इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांच्यावरचा, निकोल किडमन यांचा २००२चा चित्रपट दाखवला. त्या वर्षी सगळं जग किडमन यांच्या चिकटवलेल्या नाकाबद्दल बोलत होतं, ऑस्करसुद्धा मिळालं. माझ्या वाचनात मात्र असं आलं की किडमन डावखुऱ्या आहेत आणि या भूमिकेसाठी त्यांनी उजव्या हातानं लिहायचा सराव केला. नाक मेकअपवाल्यांनी दिलं, हात त्यांनी स्वतः कमावला. चित्रपटात एका सकाळी त्या नवऱ्याला सांगतात की बहुतेक पहिलं वाक्य मिळालंय. मग खोलीत जाऊन बसतात, वाक्य आधी हळू आवाजात स्वतःशी म्हणतात आणि मगच पेन टेकवतात. वाक्य तोंडात घोळवून पाहणं म्हणजे काय, ते मी लेखकांच्या घरी दाराबाहेर थांबून ऐकलेलं आहे.

आता थोडं कागदाबद्दल, कारण नटाचा हात कितीही चांगला असला तरी त्याच्यासमोर खोटा कागद ठेवला तर तो काय करणार? एका मालिकेत, नाव घेत नाही, १९३५ सालचं पत्र पडद्यावर आलं. पांढरं शुभ्र बाँड पेपरचं पान, आणि त्यावर संगणकाच्या फॉन्टमधला हिंदी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘श’. मराठी माणूस असा ‘ल’ हातानं काढत नाही हो! दुसरी गोष्ट अनुस्वारांची. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम केले, तेव्हा मी पाचवीत होते. तोवर आम्ही ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तें’, ‘घरीं’ असं लिहीत होतो. बाईंनी एके दिवशी फळ्यावरचे ते सगळे टिंब ओल्या फडक्यानं पुसले आणि म्हणाल्या, उद्यापासून हे नकोत. माझ्या आईनं मात्र शेवटपर्यंत ते सोडले नाहीत, वाण्याच्या यादीतसुद्धा ‘तांदूळ नाहींत’ असं लिहायची. त्या काळचा लेखक पडद्यावर ‘काही नाही’ असं कोरडं लिहितो तेव्हा मला ते धोतरावर मनगटी संगणक बांधल्यासारखं दिसतं. ज्या नटाला त्या टिंबांसकट लिहायला लावाल, त्याचा हात आपोआप त्या काळाच्या संथपणावर येईल. टिंब देण्यासाठी पेन उचलावं लागतं.

हे मी अनुभवानं सांगते. चार वर्षांपूर्वी एका निर्मितीसंस्थेकडून मला फोन आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका लेखकावर वेबमालिका करत होते, त्याच्या हस्तलिखिताची दहा पानं हवी होती. मी चार रात्री बसून २२ लिहिली. जुन्या रोजकीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतले कोरे कागद वडिलांच्या ट्रंकेत होते, ते काढले. टाकानं, काळ्या शाईनं, अनुस्वारांसह. खोडण्याच्या जागासुद्धा विचार करून ठेवल्या. जिथे लेखकाला खरोखर अडावंसं वाटेल तिथेच खोडलं. भूमिका करणारा मुलगा तीन दिवस माझ्याकडे येत होता. गुणी मुलगा. दहावीनंतर त्यानं मराठी हातानं लिहिलेलंच नव्हतं, सगळं मोबाइलवर. पहिल्या दिवशी टाक इतका दाबला की निब फाकलं. मी त्याला सांगितलं, टाकाला ओझं लागत नाही, हात कोपरापासून सरकव. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “आजी, बोट दुखतंय.” मधलंच बोट. मला इतका आनंद झाला की मी त्याला शिरा करून घातला.

त्या दिवशी आम्ही साने गुरुजींविषयी बोललो. ‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ला लिहायला घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे संपवली. पाच दिवस, त्यातही दिवसा तुरुंगातली कामं आणि लिहिणं रात्री आणि पहाटे. मी त्या मुलाला म्हटलं, तू दीड तास लिहिलंस तर बोट दुखलं. त्या हाताचं काय झालं असेल, याचा विचार कर. तो बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिला. नंतर त्यानं आपणहून दोन्ही चित्रपट पाहिले. सुजय डहाके यांचा २०२३चा कृष्णधवल, ज्यात ओम भूतकर गुरुजी आहेत, आणि आचार्य अत्र्यांचा १९५३चा, ज्यात वनमाला आई आणि माधव वझे श्याम. भूतकरांच्या चेहऱ्यावरची कासाविशी त्याला आवडली, मलाही आवडली होती. पण तो म्हणाला की छोटा वझे आईचं बोलणं जसं ऐकतो, तसं ऐकलेलं असल्याशिवाय पुढे तुरुंगात पाच दिवसांत लिहून होणार नाही. हे मला कधी सुचलं नव्हतं. ते पोर शिकत होतं, आणि मला शिकवतही होतं.

मालिका आली. हाताचं जवळून घेतलेलं दृश्य होतं ते दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताचं. घट्टा नाही, नखं नीट कापलेली, चकचकीत. पानं माझी नव्हतीच. संगणकावर ‘हस्ताक्षरासारखा’ फॉन्ट घेऊन छापलेली होती, एकही खाडाखोड नाही. फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं की माझी पानं ‘वाचायला अवघड’ होती. मी दोन दिवस कुणाशी फार बोलले नाही. २२ पानांचं दुःख होतंच, पण त्या मुलानं तीन दिवस केलेली मेहनत कुणी पाहिली नाही याचं जास्त होतं.

मग चौथ्या भागात एक प्रसंग आला. लेखकाची बायको दारातून हाक मारते, जेवायला चला म्हणून. तो वळून तिच्याकडे पाहतो, ‘आलो’ म्हणतो, आणि बोलता बोलताच टाक दौतीत बुडवून, काठाला हलकेच टेकवून जास्तीचा थेंब निथळू देतो, आणि मगच पुन्हा कागदाकडे वळतो. तीन सेकंद असतील. हे संहितेत असणं शक्यच नाही. तो थेंब नाही निथळला तर कागदावर डाग पडतो, हे त्याच्या हाताला माझ्या टेबलावर कळलं होतं, पहिल्या दिवशी डाग पाडून पाडून. दृश्य बायकोचं होतं, कॅमेराही तिच्यावरच होता, हात कोपऱ्यात कसाबसा दिसतो. मी रिमोटनं मागे नेऊन ते सहा वेळा पाहिलं. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “मी असं केलं? मला आठवत नाही.”

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की पुढच्या वेळी असा लेख कराल तेव्हा चेहऱ्यांच्या जोड्यांबरोबर हातांच्याही छापा. गदिमांचं उदाहरण घ्या. ‘गीतरामायणा’च्या पहिल्या गाण्याचा कागद ऐन वेळी हरवला आणि त्यांना ते पुन्हा लिहावं लागलं, हा किस्सा पुण्यात कुणालाही विचारा. ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’त सागर तळाशीकर गदिमा झाले आहेत; त्यांना कुणी तरी विचारावं की हरवलेली ओळ परत आणणारा माणूस उभा करताना त्यांनी हाताचं काय केलं. बाबूजींच्या भूमिकेतल्या सुनील बर्वे यांना सगळे गाण्याबद्दल विचारतात, तसंच हे. नट सांगतील. त्यांना कुणी विचारतच नाही.

आणि कलादिग्दर्शकांसाठी एक निरोप छापलात तर उपकार होतील. माझ्याकडे तीन टाक, निबांची एक पत्र्याची डबी, दोन दौती, टीपकागद आणि रोजकीर्दीच्या वहीची शंभरेक कोरी पानं शिल्लक आहेत. १९६२च्या आधीचं लेखन मी अजून न अडखळता लिहिते. साहित्यिकाची भूमिका करणाऱ्या कुणालाही, मोठ्या नटाला किंवा नव्या मुलाला, यावंसं वाटलं तर आपल्या कार्यालयातून माझा पत्ता द्यावा. पैसे नकोत. दुपारी तीननंतर मी घरीच असते. येताना फिकट कपडे घालू नयेत, शाईचे डाग निघत नाहीत.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
सदाशिव पेठ, पुणे